कचरा न करता थाटाचं लग्न: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तारीख पक्की झाली, कार्यालय बघायला सुरुवात झाली आणि घरातलं कुणीतरी म्हणालं, "जमेल तेवढं पर्यावरणाला धरून करूया", की पाठोपाठ प्रश्न सुरू होतात. लग्नांच्या नियोजनाचं काम करताना नवरा-नवरी, त्यांचे आईवडील आणि कधी कधी स्वतः कार्यालयवालेही जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं महाराष्ट्रातल्या लग्नांना धरून आहेत. त्यातलं बरंचसं आचारी, मांडववाले आणि गुरुजी यांच्याकडून शिकलेलं आहे.

पर्यावरणपूरक लग्न म्हणजे विधी कमी करायचे का?

नाही. विधींना हात लावायची गरज सर्वांत कमी आहे. गुरुजींनी दिलेली सामानाची यादी एकदा नीट वाचा: हळकुंडं, सुपाऱ्या, नारळ, विड्याची पानं, आंब्याचे डहाळे, दर्भ, समिधा, लाह्या, कापसाची वस्त्रं, सुती अंतरपाट, मातीची बोळकी. यातलं जवळजवळ सगळं मातीत जातं किंवा पुन्हा घरात वापरलं जातं. दारात मांडव पडायचा तेव्हा लग्नानंतर उरायच्या त्या पत्रावळी आणि चुलीची राख, आणि दोन्ही उकिरड्यावर जाऊन पुढच्या पेरणीपर्यंत खत व्हायचं.

आज टेम्पो भरून निघणारा कचरा येतो तो स्टेजमागच्या सजावटीतून, अर्ध्या प्यायलेल्या बाटल्यांतून, बुफेच्या टेबलावरून आणि रस्त्यावरच्या फ्लेक्समधून. म्हणून वडीलधाऱ्यांशी विधींवरून वाद घालू नका. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत लग्नाला जे चिकटलं आहे, तेवढं सोडवलं तरी पुष्कळ झालं, आणि त्याला आजीचा विरोध सहसा नसतो.

देवक, मुहूर्तमेढ यासाठी फांद्या तोडाव्या लागतात. त्याचं काय?

देवकाचा अर्थ लक्षात घेतला तर हा प्रश्न हलका होतो. अनेक मराठा कुळांचं देवक एखादं झाड असतं. कुणाचं कळंब, कुणाचं वड, कुणाचं उंबर, तर अनेक घरांची पाचपालवी, म्हणजे पाच झाडांच्या डहाळ्या. ज्या झाडाचं देवक, ते झाड त्या कुळाने तोडायचं नाही, असा जुना संकेत आहे, आणि एकाच देवकाच्या दोन घरांत सोयरीकही करत नाहीत. म्हणजे आपलं नातं एका झाडाशी आहे हे लग्नाच्या सुरुवातीलाच मान्य करायचं. इतकी सुंदर गोष्ट आपल्याकडे आहे आणि ती आपण पोतंभर विकतच्या फांद्यांवर उरकतो, याचं मला वाईट वाटतं.

पूजेला बोटभर डहाळी पुरते. ती बाजारातून न आणता घरातल्या कुणीतरी झाडापाशी जाऊन, हात जोडून आणावी. नवरा-नवरीला आपल्या देवकाचं झाड कोणतं हे माहीतच नसतं, ते त्या निमित्ताने कळतं.

मुहूर्तमेढीला उंबराची फांदी लागत असेल, तर कुंडीतल्या उंबराच्या रोपाचीच पूजा करायला बरेच गुरुजी तयार होतात. मात्र ते रोप कुठे लावणार हे आधी ठरवा. उंबर मोठा होतो, त्याची मुळं भिंतीत शिरतात. शेताचा बांध, गावातल्या देवळाचं आवार, ओढ्याचा काठ या त्याच्या जागा. लग्न मे महिन्यात असेल तर रोप कुंडीतच राहू द्या आणि पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लावा.

एकच गोष्ट बदलायची असेल तर कोणती?

पाहुण्यांची संख्या. जेवण, पाणी, गाड्या, मांडवाचा आकार, दिवे, एसी, सगळं डोक्यांच्या संख्येवर ठरतं. आठशेचे तीनशे केले तर बाकी काही न करताही लग्नाचा भार निम्म्याहून खाली येतो. त्याखालोखाल प्रवास आणि अन्न. पत्रिकेचा कागद, ज्यावर सर्वांत जास्त चर्चा होते, तो या रांगेत बराच मागे आहे.

पण माणसं कमी केली तर नातेवाईक रुसतात!

रुसतात, आणि त्यांचं रुसणं खोटं नसतं. "आम्हाला मोजलं नाही" ही भावना मोठी असते. त्यासाठी आपल्याकडे केळवण आहे. ज्यांना लग्नात बोलावणं जमणार नाही त्यांच्या घरी लग्नाआधी केळवणाला आवर्जून जा. "काकू, लग्न अगदी घरचंच करतोय, पण तुमच्या हातचं जेवल्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही", असं नवऱ्या मुलीने स्वतः फोन करून सांगितलं की काकू समजून घेतात. हजार माणसांच्या गर्दीत स्टेजवर फोटोपुरतं भेटण्यापेक्षा तासभर पाटाशेजारी बसून झालेली भेट त्यांनाही हवी असते.

लग्न लहान आणि मग स्वागत समारंभ मोठा, अशी तोड अनेकजण काढतात. त्या तोडीने काहीच बचत होत नाही. दोन हॉल, दोन सजावटी, दोन जेवणं होतात.

अक्षतांना तांदूळ वापरायचे की फुलं?

आधी हिशेब करू. मोकळ्या हाताने दिलेल्या एका मुठीत ३०-४० ग्रॅम तांदूळ बसतो. पाचशे पाहुण्यांच्या हातात एकेक मूठ गेली तर पंधरा ते वीस किलो तांदूळ जमिनीवर. एक किलो भात पिकवायला साधारण अडीच हजार लिटर पाणी लागतं, असं मानलं जातं. वीस किलोंचे पन्नास हजार लिटर झाले, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. शेवटचं "शुभमंगल सावधान" झाल्यावर हॉलमध्ये बघा. कुंकवाने लाल झालेला तांदूळ चपलांखाली चिरडलेला असतो, गालिच्यात रुतलेला असतो, आणि झाडणारी बाई तो गुटख्याच्या पुड्यांबरोबर सुपलीत भरत असते. धुऊनसुद्धा तो कुणाच्या पोटात जाऊ शकत नाही. बाजारी कुंकवात रासायनिक रंग असतो, त्यामुळे "पाखरं खातील" हे समाधानही फारसं खरं नाही.

यावर तीन वाटा आहेत. पहिली मला सर्वांत पटते: तांदूळ ठेवायचे, पण चिमूटभर. सहा-सात दाणे हळद-तुपात घोळवलेले, लहान वाटीतून, दोन्हीकडच्या घरच्या माणसांच्या हातातच द्यायचे. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. अक्षत म्हणजे न मोडलेला दाणा. आशीर्वाद त्या अखंडपणात असतो, वजनात नसतो.

दुसरी वाट फुलांच्या पाकळ्यांची. बौद्ध पद्धतीच्या लग्नांत वधूवरांवर फुलंच उधळतात, आणि आज होणाऱ्या सत्यशोधक विवाहांतही अक्षता म्हणून पाकळ्या दिसतात. एक काळजी घ्या. गुळगुळीत फरशीवर झेंडूच्या ओल्या पाकळ्यांवरून पाय घसरतो, आणि मांडवात म्हातारी माणसं असतात. पाकळ्या आदल्या रात्री पसरून थोड्या सुकू द्या.

तिसरी वाट ज्वारीची. ग्रामीण भागात अनेक ठिकाणी ज्वारीच्याच अक्षता असतात. मोकळ्या अंगणात लग्न असेल आणि दाणे फक्त हळदीत रंगवले असतील, तर ते चिमण्या-पारवे खरोखर टिपतात.

पंगत बरी की बुफे?

पंगत. हे मी आग्रहाने सांगते.

बुफेत माणूस एकदाच रांगेत उभा राहतो, पुन्हा रांग लावावी लागेल म्हणून ताट भरून घेतो, आणि पाच भाज्यांचा एकमेकांत लगदा होऊन निम्मं ताट टबात जातं. पंगतीत वाढपी समोर येतो, "थोडा मसालेभात?" असं विचारतो आणि आपण हात आडवा धरतो. तो आडवा धरलेला हात म्हणजे वाचलेला घास. लहान मुलाला अर्धी जिलेबी आणि आजोबांना फक्त वरणभात-तूप असं पंगतीतच जमतं.

पंगतीचा एक दोष मात्र कबूल करायला हवा, तो म्हणजे आग्रह. व्याह्यांनी उभं राहून पानात पाच जिलब्या घालायच्या, हे प्रेम असलं तरी त्यातली तीन पानात राहतात. आग्रह करायचाच तर शब्दांनी करावा. वाढप्यांना आधी सांगून ठेवा: विचारल्याशिवाय वाढायचं नाही, पहिल्या फेरीत सगळं कमी घालायचं आणि फेऱ्या वाढवायच्या.

पदार्थ किती हाही प्रश्न आहे. मसालेभात, मठ्ठा, जिलेबी, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पंचामृत, वरणभात: एवढ्यात पोट भरतं आणि मनही भरतं. खानदेशात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी यावर गावंच्या गावं तृप्त होऊन उठतात. त्यात चायनीजचा आणि चाटचा काउंटर घातला की लोक सगळं चाखतात आणि काहीच धड जेवत नाहीत.

ताटं कोणती? केळीचं पान, पत्रावळ की स्टील?

जागेप्रमाणे ठरवा. जळगाव भागात, कोकणात केळीची पानं बागेतून थेट येतात, तिथे तीच घ्यावीत. विदर्भात पळसाच्या पानांच्या पत्रावळी मिळतात आणि त्या विणणाऱ्या बायकांच्या हातात पैसे जातात. तिथे शेकडो किलोमीटरवरून केळीची पानं मागवण्यात अर्थ नाही. कोकणात पोफळीच्या झावळीची रुंद विरी गळून पडते, तिच्या दाबून केलेल्या थाळ्या मजबूत असतात.

शहरातल्या कार्यालयात धुण्याची सोय असेल तर स्टीलची ताटं सर्वांत चांगली, वर्षानुवर्षं टिकतात. पण मराठवाड्यात एप्रिलमध्ये टँकरच्या पाण्यावर पाचशे ताटं धुवायची असतील तर मी पत्रावळच सुचवेन.

फसगत होते ती चकचकीत कागदी ताटांत आणि चंदेरी द्रोणांत. दिसायला कागद, पण आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. कोपऱ्यात नखाने खरवडून बघा, पापुद्रा सुटला तर ते खतात जाणार नाही. थर्माकोलच्या ताटवाट्यांवर तर महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून बंदी आहे.

पाण्याच्या छोट्या बाटल्या टाळता येतात का?

येतात, आणि हा बदल सर्वांत सोपा आहे. तीनशे पाहुण्यांनी दिवसभरात चार-चार छोट्या बाटल्या उघडल्या तर बाराशे बाटल्या होतात, आणि दोन घोट पिऊन टेबलावर ठेवलेली बाटली कुणाची हे कुणालाच आठवत नाही. वीस लिटरचे जार, स्टीलचे पेले आणि पाणी द्यायला दोन मुलं एवढं पुरतं. उन्हाळ्यात मोठे माठ भरून त्यात वाळा टाकला तर पाहुणे त्या पाण्याची आठवण पुढच्या लग्नातही काढतात. "स्वच्छतेचं काय?" असं कुणी विचारलं तर जार सर्वांसमोर उघडा आणि पेले गरम पाण्यातून काढा.

उरलेलं अन्न कुणाला द्यावं?

हे लग्नाआधी ठरवावं लागतं. रात्री साडेअकराला फोन फिरवायला सुरुवात केली तर कुणी मिळत नाही. मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत रॉबिन हूड आर्मीसारखे स्वयंसेवकांचे गट उरलेलं चांगलं अन्न नेऊन गरजूंना वाटतात. जवळचे आश्रम, वसतिगृहंही असतात. त्यांच्याशी आठवडाभर आधी बोला, किती वाजता आणि अंदाजे किती माणसांचं अन्न ते सांगा.

पाळायचा नियम एकच: पातेल्यातलं द्यायचं, पानातलं नाही. आचाऱ्याला सांगून शेवटच्या पंगतीआधीच उरणारं अन्न वेगळ्या झाकणाच्या डब्यात काढा. मठ्ठा, बासुंदी, कोशिंबीर उन्हाळ्यात पाठवू नका. भात, पोळ्या, कोरड्या भाज्या, जिलेबी चालतात.

तरीही मुळात कमी उरावं यासाठी आचाऱ्याला खरा आकडा द्या. "सहकुटुंब सहपरिवार" असं पत्रिकेत छापलं की एका घरातून दोन येणार की नऊ, कुणालाच कळत नाही. लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी घरटी फोन करा. "दादा, किती पानं मांडू तुमची?" असं प्रेमाने विचारलं तर कुणाला राग येत नाही.

पत्रिका छापायची की फक्त मोबाइलवर पाठवायची?

पहिली पत्रिका गणपतीपुढे, दुसरी कुलदैवताला, मग घरातल्या ज्येष्ठांना कुंकू लावून हातात. एवढ्यांसाठी तीस-चाळीस छापा. बाकीच्यांना मोबाइलवर पाठवा, पण सोबत फोन हवाच. फोनशिवाय नुसतं चित्र आलं तर ते आमंत्रण वाटत नाही आणि वाटूही नये.

छापील पत्रिकांसाठी हातकागद घेता येतो. चिंध्यांपासून बनणाऱ्या या कागदाला झाड तोडावं लागत नाही. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे. पत्रिकेवर प्लॅस्टिकचं पारदर्शक वेष्टण घालू नका. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या एकल वापराच्या प्लॅस्टिकबंदीत निमंत्रणपत्रिकांवरच्या आणि मिठाईच्या डब्यांवरच्या वेष्टणाचं नाव घेऊन उल्लेख आहे. बऱ्याच छपाईवाल्यांना हे सांगावं लागतं.

सजावट साधी केली तर फोटो चांगले येतील का?

येतील. केळीचे खांब, आंब्याची तोरणं, झेंडू-शेवंतीच्या माळा, पितळी समया आणि मागे आजीच्या, आईच्या, आत्याच्या जुन्या साड्यांचे पडदे. एका लग्नात नवरीच्या आजीची जांभळी इरकल बोहल्याच्या मागे लावली होती. ती बघायला पाहुणे स्टेजवर चढत होते आणि आजी प्रत्येकाला ती कुठल्या सणाला घेतली ते सांगत होती.

फुलं घेताना तीन गोष्टी बघा. हंगामातली आणि जवळची घ्या. मावळात गुलाब आणि जरबेरा पिकतो, झेंडू-शेवंती जवळपास सगळीकडे मिळते, तेव्हा विमानाने आलेली ऑर्किड कशाला? दुसरं, सजावटवाल्याला हिरवा फोम वापरू नको म्हणून बजावा. फुलं खोचायचा तो हिरवा ठोकळा म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिक असतं, चुरा होऊन मातीत मिसळतं आणि कुजत नाही. तांब्या, मडकं, वाळू यांतही फुलं तेवढीच छान उभी राहतात. तिसरं, माळा सुती दोऱ्यात ओवून घ्या. नायलॉनच्या दोऱ्यामुळे अख्खी माळ खताच्या खड्ड्यात निरुपयोगी होते.

लग्नानंतर झेंडूच्या पाकळ्या वाळवून ठेवल्या तर तुरटीच्या पाण्यासोबत उकळून सुती कापड सुंदर पिवळं रंगवता येतं. आमच्या ओळखीच्या एका नवरीने पहिल्या दिवाळीला त्याच रंगात रंगवलेले रुमाल सगळ्यांना दिले.

हळदीच्या कार्यक्रमात रंग उधळतात. तो चालेल?

घाणा भरताना हळकुंडं उखळात कांडतात, जात्यावर भरडतात. तीच हळद लावा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हळद आपल्या दारात पिकते, आणि आपण पाकिटातली पिवळी पूड अंगावर उडवतो. शंका असेल तर चिमूटभर पुडीवर चुन्याच्या निवळीचे दोन थेंब टाका. हळद लाल होते, पारंपरिक कुंकू तर हळदीच्या याच गुणावर बनतं. लाल झालीच नाही, तर ती हळद नाही.

रुखवताचं काय करायचं?

खायचं रुखवत मांडायचं. लाडू, चकल्या, कुरडया, शेवया, सांडगे, मेतकूट, लोणची. मुळात ते नव्या घरात नेऊन वापरण्यासाठीच असायचं. थर्माकोलचे किल्ले आणि बंगले मांडून झाल्यावर माळ्यावर जातात.

आहेर, मानपान, फेटे आणि भेट म्हणून रोपं?

टॉवेल-टोपी, ब्लाउजपीस, खण हे एका कपाटातून दुसऱ्या कपाटात फिरत राहतात. दोन्ही बाजूंनी ठरवून ते बंद करावं आणि मान ज्यांना द्यायचा त्या मोजक्या माणसांना उपयोगी पडेल असं एकच काहीतरी द्यावं. फेटे बांधणाऱ्याकडून भाड्याने घ्या आणि निघताना परत गोळा करा, नाहीतर ते गाडीच्या मागच्या सीटवर राहतात.

रोपांबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. पाचशे पाहुण्यांना पाचशे रोपं वाटू नयेत. फ्लॅटमधला माणूस आंब्याचं रोप कुठे लावणार? प्लॅस्टिकच्या पिशवीतलं ते रोप गाडीच्या डिकीत वाळतं. ज्यांच्याकडे जमीन आहे अशा दहा घरांना दहा रोपं विचारून द्या. झाडं लावायचा पैसा असेल तर गावातल्या शाळेच्या आवारात वीस झाडं लावा आणि त्यांना तीन उन्हाळे पाणी घालणाऱ्या माणसाचा पगार द्या.

कपडे?

आईचा शालू उसवून मापात करून घ्या. नवी पैठणी घ्यायची तर येवल्याच्या हातमागावरची एकच घ्या, जी मुलीच्या लग्नातही निघेल. शेरवानी आणि जड घागरे भाड्याने मिळतात, कारण ते पुन्हा कुणीच घालत नाही.

वऱ्हाडाचा प्रवास आणि वरात कशी करावी?

पुण्याहून कोल्हापूरला चव्वेचाळीस माणसं न्यायची आहेत असं धरू. चार-चार जणांच्या अकरा गाड्या, जाऊन-येऊन साधारण ४६० किलोमीटर, लिटरला पंधरा किलोमीटर: जवळजवळ ३४० लिटर इंधन. तेच एका बसला शंभर लिटरच्या आसपास लागतं. एसटीची बस प्रासंगिक करारावर मिळते, आगारात जाऊन तारीख आधी सांगावी लागते. शिवाय बसमध्ये आत्या उखाणे घेतात, भेंड्या रंगतात, अकरा गाड्यांत ती मजा कुठून येणार?

वरातीत डीजेऐवजी सनई-चौघडा, हलगी, संबळ, ताशा असे वाजवणारे आपल्या गावातले घ्या. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक वाजवायला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे. वरातीमागे ढकलत न्यायचा डिझेल जनरेटर आणि त्यावरच्या झुंबरांच्या रांगा सोडून द्या. लग्न सकाळच्या मुहूर्तावर लावलं तर दिव्यांचा खर्चच निघून जातो.

उन्हाळ्यातच मुहूर्त असतात. पाण्याचं काय?

तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत हंगाम मोठा आहे. मार्गशीर्ष, माघ, फाल्गुन यांत तारीख मिळत असेल तर मे टाळा. हवा बरी असते, एसी लागत नाही, ताज्या भाज्या मुबलक असतात. चातुर्मासातले आपत्कालातले मुहूर्तही बऱ्याच पंचांगांत छापलेले असतात, गुरुजींना विचारा. मे महिनाच धरायचा असेल तर दुष्काळी गावातल्या लॉनवर करू नका. तिथलं हिरवं गवत कुणाच्या तरी विहिरीच्या पाण्यावर राखलेलं असतं.

अगदी साध्या पद्धतीने लग्न करायचं तर कोणते मार्ग आहेत?

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पहिला सत्यशोधक विवाह झाला: पुरोहिताशिवाय, कमीत कमी खर्चात, वधूवरांच्या एकमेकांना दिलेल्या वचनांवर. ती पद्धत आजही चालू आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी करायची तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि तीन साक्षीदार लागतात. तिथून येऊन घरच्या पंचवीस माणसांनी पाटावर बसून श्रीखंड-पुरी खाल्ली की झालं लग्न.

समोरची मंडळी ऐकत नसतील तर?

याद्यांच्या बैठकीतच बोला. देण्याघेण्याची यादी होते त्याच कागदावर लिहा: थर्माकोल नाही, बाटल्या नाहीत, पंगत असेल, फटाके नाहीत, मानपान इतक्याच माणसांचं. दोन्हीकडच्या ज्येष्ठांच्या सह्या झाल्या की लग्नाच्या आठवड्यात वाद होत नाही. विषय मुलाच्या आईने काढला तर सर्वांत उत्तम, म्हणून नवऱ्या मुलाने आधी आपल्या घरी पटवून यावं. हे काम मुलीकडच्यांवर टाकू नये, कारण बैठकीत त्यांचा आवाज अजूनही खाली असतो आणि त्यांनी साधेपणा मागितला तर "खर्च टाळतात" असं बोललं जातं.

कार्यालय ठरवताना काय विचारावं?

बाहेरचा आचारी चालतो का, आणि चालत असेल तर रॉयल्टी किती. भांडी धुवायची जागा आहे का. ओला-सुका कचरा वेगळा ठेवायला डबे आहेत का, आणि तो नेतो कोण. दिवसा उजेड आणि वारा आत येतो का. किमान किती पानांचे पैसे द्यावेच लागतात, हे लेखी घ्या. चारशे पानांची हमी दिली की अडीचशे पाहुण्यांसाठीही चारशेचं शिजतं.

याने खर्च वाढतो का?

एकूण कमी होतो. वाढप्यांची मजुरी, भांडी घासणाऱ्या बायकांची मजुरी, पत्रावळी, हातमाग यांवर मात्र जास्त जातो. तिथे घासाघीस करू नये.

लग्नाच्या दिवशी हे सगळं बघणार कोण?

नवरा-नवरी नाही आणि त्यांचे आईवडीलही नाहीत. धाकटा मामा, चुलतबहीण, मित्र अशा दोघा-तिघांना काम वाटून द्या, आणि ती नावं कार्यालयाच्या व्यवस्थापकाला आधी कळवा. एकाने जेवणाच्या दालनात उभं राहायचं: पानातलं खरकटं एका पिंपात, पत्रावळी दुसऱ्यात, कागद-प्लॅस्टिक तिसऱ्यात. खरकट्यात दातकोरण्या आणि चांदीचा कागद जाऊ देऊ नका. ते पुढे गाईगुरांच्या पोटात जातं.

घरच्या अंगणात किंवा मोकळ्या मैदानावर शंभराहून जास्त माणसं जमणार असतील, तर स्थानिक संस्थेला किमान तीन कामाचे दिवस आधी कळवावं आणि कचरा वेगळा करून द्यावा, असं २०१६ च्या घनकचरा नियमांनी यजमानावर टाकलं. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेशी बोलता येतं. इतरत्र वॉर्ड ऑफिस किंवा ग्रामपंचायत. सुका कचरा न्यायला येणाऱ्या मावशींची वेळ आधी ठरवा, आणि त्या येतील तेव्हा त्यांचं पान मांडून ठेवा.